दुखतंय म्हटल्यावर

चंदनसारच्या त्या वर्गाला मी जायची ती दुसऱ्यांना सराव करता यावा म्हणून.

व्यायाम शिकवणाऱ्या लोकांसाठी तो वर्ग होता. जिममध्ये, सोसायट्यांच्या हॉलमध्ये आधीपासून शिकवणारी मुलं-मुली दर शनिवारी तिथे जमायची. सहा शनिवारांचं प्रशिक्षण, विषय एकच : वय झालेल्या माणसांना व्यायाम कसा द्यायचा. प्रत्येकाने साठीच्या पुढचं एक माणूस बरोबर आणायचं आणि त्याच्यावर सराव करायचा. संजनाने मला नेलं.

संजना माझी विद्यार्थिनी. उमेळ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं पहिलीला शिकवलं, त्यातल्या एका वर्गातली. तिचे वडील नथू खाडीकाठी भात लावायचे. पोरगी सारखी धावायची आणि सारखी पडायची. आता छत्तीस वर्षांची आहे. माणिकपूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती आठवड्यातून तीन सकाळी बायकांचा व्यायामवर्ग घ्यायची. सगळ्या पन्नाशी-साठीच्या. मीही त्यात होते. तिथे शिकवणारी ती आणि शिकणारी मी, तरी ती मला 'बाई' म्हणायची आणि मी तिला 'अगं संजना'.

पहिल्या शनिवारी हर्षवर्धन सरांनी पडद्यावर एका बाईच्या शरीराचं चित्र दाखवलं. हे सर तिशीचेच असतील, पण समोरच्या प्रत्येकाला अहो-जाहो करायचे. चित्रात जबडा, डावा खांदा, पाठ आणि पोटाचा वरचा भाग लाल रंगवला होता.

"हार्ट अटॅक म्हटलं की आपल्याला छातीवर हात धरलेला माणूस आठवतो," ते म्हणाले. "बायकांच्या बाबतीत पुष्कळदा तसं होत नाही. खांदा जड होतो. जबडा दुखतो. कारण नसताना दमायला होतं. आणि आपण काय म्हणतो? परवा नवीन व्यायाम दिला ना, म्हणून दुखतंय."

सुरज नावाचा एक धिप्पाड मुलगा मागे बसला होता. नालासोपाऱ्याला वजनं उचलायला शिकवायचा. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे दुखलं नाही ना, तर पोरं म्हणतात आज काही करूनच घेतलं नाही. दुखलं की खूश!"

वर्ग हसला. सरही हसले. "आपल्या लाइनीतली ही चूक आहे बघा. बाकी कोणाला माणूस 'दुखतंय' म्हणाला की काळजी वाटते. आपल्याला आनंद होतो."

माझ्या शेजारी संजना वहीत भराभर लिहून घेत होती. तिचं पेन थांबलं. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही तशीच बाकावर ठेवून ती उठली आणि बाहेर गेली.

"मॅडमला वडापावचा वास आला वाटतं," सुरज म्हणाला.

मी सावकाश तिच्या मागे गेले. ती जिन्यात खालच्या पायरीवर बसली होती.

"बाई, इनेझ आंटीने जबडा दाखवला होता."

"हो."

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय गं."

तेव्हा आमच्या सोसायटीच्या वर्गातल्या इनेझला जाऊन तीन आठवडे झाले होते.

त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर आधी टाळ्यांचं सांगायला हवं. संजनाचा वर्ग सुरू झाला तेव्हा पंचवीस बायका होत्या. आठ दिवसांत बारा उरल्या. पाय दुखले, कंबर धरली, की बायका घरी बसायच्या. मग संजनाने एक युक्ती काढली. वर्ग सुरू होताना ती विचारायची, "आज कोणाकोणाचं काय दुखतंय?" जी हात वर करेल तिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दुखतंय म्हणजे स्नायू काम करायला लागले, शाबास! बायकांना गंमत वाटायला लागली. घरी कोण विचारतं कुठे दुखतंय म्हणून? इथे सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. काहीजणी परत आल्या, आणखी चारजणींना घेऊन आल्या, आणि वर्ग अठराजणींचा झाला.

मी एकदा तिला म्हटलं, "बरं सुचलं हो तुला."

"मला कुठे सुचलं? तुमच्याच वर्गातलं आहे ते, बाई."

खरंच होतं. पटांगणात मूल पडलं, गुडघा फुटला, की मी बाकीच्या मुलांना टाळ्या वाजवायला सांगायची. टाळ्या ऐकून रडणारं मूल गोंधळायचं, मग उठायचं, मग हसायचं. एकतीस वर्षांत ही युक्ती मला कधी फसली नाही. सगळ्यात जास्त टाळ्या संजनानेच घेतल्या असतील.

तर त्या बुधवारी. सोमवारी संजनाने रबरी बँड आणले होते, ते दोन्ही हातांनी ताणायचे. बुधवारी निम्म्या वर्गाचे दंड धरले होते. रोझमेरीने हात वर केला, तिच्यासाठी टाळ्या झाल्या. मग इनेझने हात वर केला. उजवा. डावा तिने मांडीवर ठेवला होता.

"माझा हा खांदा," ती म्हणाली. "सकाळपासून असा जड झालाय, कोणीतरी पाण्याची कळशी ठेवल्यासारखा. आणि इथपर्यंत चढतंय." तिने जबड्याखाली दोन बोटं लावली.

"वा आंटी! बँड लागू पडला!" संजना म्हणाली.

पहिली टाळी माझी होती. मी तिच्या शेजारीच उभी होते. मग सगळ्यांनी वाजवल्या. इनेझ हसली, नाटकातल्या नटीसारखी कमरेत वाकली. पाऊण तास तिने आमच्याबरोबर सगळं केलं. संपल्यावर हॉलच्या पायरीवर बसली. "तुम्ही व्हा पुढे, मी जरा टेकते," म्हणाली. आम्ही फाटकापर्यंत गेलो नव्हतो तेवढ्यात मागून वॉचमनची हाक आली. रिक्षातून हॉस्पिटलात न्यायला सात-आठ मिनिटं लागली असतील. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

तिचा नवरा ऑस्कर धावत आला, पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टर त्याला म्हणाले, "झटका मोठा होता. त्यांना काही कळलंही नसेल." तेवढं एक वाक्य ऑस्करने धरून ठेवलं. दफनाच्या दिवशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगत होता. "हसत हसत व्यायामाला गेली. काही त्रास झाला नाही तिला. देवाने अलगद उचललं."

जिन्यात बसून संजना मला म्हणाली, "मला तेव्हा लक्षातच आलं नाही, बाई. तुमच्या आलं होतं?"

हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या मला इनेझची ती दोन बोटं आठवली होती. डॉक्टर बाहेर येण्याच्याही आधी.

"शंका आली होती," मी म्हटलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करणार होते? तू शिकवणं सोडून दिलं असतंस."

हे खरं होतं, पण अर्धंच. ती पहिली टाळी कोणाची, हे मला कोणाकडून ऐकायचं नव्हतं.

संजनाने ओढणीने तोंड पुसलं. "मला ऑस्कर अंकलना सांगायला पाहिजे."

"थांब जरा."

"तुम्हीच शिकवलंत ना, पाटी फुटली तर लपवायची नाही, बाईंना येऊन सांगायचं?"

"पाटी दुसरी आणता येते गं," मी म्हटलं. "त्या माणसाजवळ एवढीच गोष्ट उरलीय, की तिला त्रास झाला नाही. ती काढून घेणार तू? आणि देणार काय बदल्यात?"

ती उठली. आम्ही वर गेलो. उरलेला तासभर तिने फळ्याकडे पाहून सगळं लिहून घेतलं, अगदी सुवाच्य अक्षरात.

मला वाटलं, थोडे दिवस गेले की तिचं मन आपोआप शांत होईल. लहान मुलांचं होतं तसं. पण गुरुवारी ऑस्कर स्वतःच माझ्या घरी आला. संजना आली होती. शनिवारच्या सरावासाठी कोणते प्रश्न विचारायचे ते माझ्यासमोर म्हणून बघत होती. ऑस्करच्या हातात चिकूंची पिशवी होती.

"टीचर, झाडावरचे आहेत. तिच्या हातचं झाड," तो म्हणाला. "बरं झालं बाय, तूही इथेच भेटलीस. रविवारी सकाळी सात वाजता चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा आहे. तुम्ही दोघींनी पुढच्या बाकावर बसायचं."

संजनाने मान हलवली.

"आणि ऐक. वर्ग बंद का ठेवलाय? रोझमेरी सांगत होती. चालू कर. तिला नसतं आवडलं." त्याने चष्मा काढून पुसला. सात वर्षांपूर्वी बोटीवरची नोकरी संपवून तो घरी आला, तेव्हापासून अंगातला शर्ट कधी इस्त्रीशिवाय नसायचा. आज चुरगळलेला होता. "मिस्सेनंतर मी दोन शब्द बोलणार आहे. ॲनिशा म्हणाली, पप्पा, लिहून घ्या, नाहीतर तुम्ही रडाल. लिहून घेतलंय. तुझं नाव आहे त्यात."

"माझं कशाला, अंकल?"

"कशाला म्हणजे? तिची शेवटची दोन वर्षं तू आनंदाची केलीस. सगळ्या गावासमोर मला ते बोलायचंय."

तो गेल्यावर संजना बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "रविवारच्या आधी सांगायचं, बाई. चर्चमध्ये माझे आभार मानल्यावर मी कशी सांगू? मग मी कधीच नाही सांगू शकणार."

मी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही.

शनिवारी चंदनसारला सराव होता. हर्षवर्धन सरांनी आम्हा म्हाताऱ्यांना एकेक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत जे दुखणं लिहिलेलं असेल ते आपल्याला आहे असं धरून बोलायचं. मला गुडघा आला होता. संजना माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी 'गुडघा दुखतोय' म्हटल्यावर तिने मान हलवली आणि थांबली. मी आणखी काही सांगते का, याची वाट पाहत. मग हळूहळू एकेक विचारलं. कधीपासून दुखतंय. जड वाटतं की टोचतं. तिथेच राहतं की कुठे पसरतं. बसल्यावर कमी होतं का. याआधी असं कधी झालं होतं का. प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबत होती. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला जेवढा वेळ द्यावा लागतो, तेवढा वेळ देत होती. मला खोटा गुडघा सांगताना रडू आलं.

सर आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "असं विचारायचं. घाई नाही. सुरज, तुम्ही तर आजोबांना उत्तरच देऊ दिलं नाहीत."

"सर, माझे आजोबा स्वतःच दंड बैठका मारायला लागले, मी काय करू?"

हसणं ओसरल्यावर संजनाने सरांना बाजूला बोलावलं. मी जवळच होते. तिने नाव न घेता सगळं सांगितलं. टाळ्यांचंही.

सरांनी हातातल्या चिठ्ठ्या खिशात ठेवल्या. "मॅडम, एक गोष्ट आधी. नेमकं त्यामुळेच झालं, असं कोणीही सांगू शकत नाही. लगेच नेलं असतं तरी वाचल्या असत्या का, तेही नाही सांगता येत. आणि हे कुठे बोलू नका. घरचे लोक आज समजून घेतील, उद्या कोणीतरी त्यांना पोलिसांत जा म्हणेल. तुम्ही शिकताय ना? पुढच्या माणसाला वाचवा."

"आणि मागच्याचं काय, सर?"

 

आम्ही परत निघालो तेव्हा चार वाजले होते. रिक्षात बसताना संजना म्हणाली, "मी उमेळ्याला उतरते. तुम्ही घरी जा, बाई."

"मी येते."

"तुमचं नाव मी घेणार नाही," ती म्हणाली. बाहेर बघत म्हणाली.

ऑस्करचं घर उमेळ्याला, वाडीच्या टोकाला आहे. शेजारी सहा मजली इमारत उठलीय, तिची सावली दुपारी त्याच्या अंगणात येते. तो अंगणात खुर्ची टाकून चष्म्याच्या अगदी जवळ कागद धरून वाचत होता. आम्हाला पाहून हसला.

"या टीचर, ये बाय. बरं झालं आलात. ऐका बरं, कसं लिहिलंय."

"अंकल, आधी मला बोलू द्या," संजना म्हणाली.

ती उभीच राहिली. वर्गात बाकाशेजारी उभी राहून उत्तर द्यायची तशी, हात मागे घेऊन. तिने काहीही गाळलं नाही. सोमवारचे बँड, बुधवारचा प्रश्न, खांदा, जबडा, आपण काय म्हणालो ते. मागच्या शनिवारी पडद्यावर पाहिलेलं चित्र. "मला समजायला पाहिजे होतं, अंकल. मी शिकवणारी होते. मी तिला थांबवायला पाहिजे होतं, आणि मी तिला पाऊण तास व्यायाम करायला लावला."

ऑस्करने कागदाची घडी केली. मग ती उलगडली आणि परत घातली.

"तिला दुखत होतं?"

"हो."

"तिने सांगितलं? तोंडाने सांगितलं?"

"हो, अंकल."

"कसं सांगितलं? शब्द सांग. ती जशी बोलली तसे सांग."

संजनाने सांगितले. सकाळपासून जड झालाय. कोणीतरी पाण्याची कळशी ठेवल्यासारखा.

"परत सांग."

तिने परत सांगितले. ऑस्कर जमिनीकडे बघत ऐकत होता, ओठ हलवत होता, पाठ करावं तसा.

"सकाळी मी तिला चहा दिला," तो म्हणाला. "तोंड उतरलेलं दिसलं. मी विचारलं, काय गं, बरं नाही का? म्हणाली, काही नाही." तो थांबला. "तीस वर्षं मी बोटीवर होतो. पत्र यायचं, इकडे सर्व ठीक. फोन आले, तरी तेच, सर्व ठीक. ॲनिशाच्या वेळी तिला टाके पडले ते मला आठ महिन्यांनी कळलं. तेही शेजारणीकडून. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, आता तरी सांगेल. आता तर मी समोरच बसलोय." त्याने मान वर केली. "तुम्हाला सांगितलं तिने. अठरा बायकांना सांगितलं."

हे आम्ही दोघींनीही धरलं नव्हतं. त्याला राग येईल, तो आम्हाला घालवून देईल, पोलिसांचं नाव काढेल, सगळं आमच्या मनात येऊन गेलं होतं. हे आलं नव्हतं.

"आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला.

संजना रडायला लागली. आवाज न करता.

"पहिली कोणी वाजवली?"

का विचारलं त्याने, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसेल. माणूस अशा वेळी काहीतरी विचारतो. संजनाने नाक ओढलं आणि म्हणाली, "आठवत नाही, अंकल. सगळ्यांनी एकदमच."

लहानपणी ती कधी खोटं बोलली नव्हती माझ्यासमोर. बोलायला लागली की तिचे कान लाल व्हायचे. आताही झाले होते.

"मी," मी म्हटलं. "पहिली टाळी माझी होती, ऑस्कर. आणि मला त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये शंका आली होती. मी बोलले नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या ॲनिशाला अक्षरं मीच गिरवायला लावली होती. पालकांच्या सभेला इनेझ एकटीच यायची. त्याला हे सगळं त्या क्षणी आठवत होतं की नाही, कोण जाणे. इमारतीत वरच्या मजल्यावर कोणीतरी सतरंजी झटकत होतं.

"मला कशाला सांगितलंत?" तो शेवटी म्हणाला. अगदी हळू.

"तुमचं होतं ते, अंकल," संजना म्हणाली. "माझ्याकडे ठेवून मला..."

"ठेवायचं होतंस तुझ्याकडे."



त्याने तो कागद चार वेळा दुमडून शर्टाच्या खिशात टाकला. मग उठला आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेला. अशा वेळीही त्याला ते सुचलं. तांब्या-भांडं घेऊन आला, आमच्या हातात दिलं. आम्ही प्यायलो.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला. "रागाने नाही म्हणत. तुम्ही दोघी समोर दिसलात तर मला फादरचं काही ऐकू येणार नाही. मला टाळ्याच ऐकू येतील."

"बरं," मी म्हटलं.

"बाकीच्या येऊ देत. त्यांना माहीत नाही ना?"

"नाही."

"मग सांगू नका. ॲनिशालाही नका सांगू. तिचं मी बघेन." तो संजनाकडे वळला. "माझ्याकडे आणून टाकलंस ते टाकलंस. आता आणखी कुठे नेऊ नकोस. एवढं करशील, बाय?"

संजनाने मान हलवली. त्याने भांडं आमच्या हातातून घेतलं आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

 रस्त्यावर आल्यावर संजना थांबली.

"बाई, चुकलं का माझं?"

मुलांनी हा प्रश्न मला हजार वेळा विचारला असेल. मी प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर दिलं. मूल हिरमुसू नये असं, पण खोटंही नसावं असं शोधून शोधून दिलं. त्या दिवशी मी खूप शोधलं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं, आणि तिचा हात धरला. तिचा तळवा थंड होता.

रविवारी सकाळी साडेसहाला ती माझ्याकडे आली. आंघोळ करून, पांढरा ड्रेस घालून. जायचं नाही हे ठरलेलं असूनही घरी बसवलं नाही, म्हणाली. घरात सगळे विचारत होते. मी चहा ठेवला. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली.

पावणेसातला खाली बायकांचा आवाज आला. वर्गातल्याच सगळ्या, पंधरा-सोळाजणी, साड्या नेसून, डोक्यावर घ्यायच्या ओढण्या हातात घेऊन. रोझमेरी जिना चढून वर आली. धापा टाकत दारात उभी राहिली.

"हे काय, तयार नाही तुम्ही? चला ना. ऑस्करने तुमच्यासाठी पुढचा बाक ठेवलाय."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मला बरं वाटत नाहीये."

"आणि ही?" तिने संजनाकडे पाहिलं. "हिला काय झालं? पांढरे कपडे घालून बसलीय ती."

संजनाने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. "बाईंजवळ कोणीतरी पाहिजे ना," ती म्हणाली.

"दुसरं कोणी बसेल की तासभर. सांग, मी वॉचमनच्या बायकोला बोलावते."

"नको."

रोझमेरीचा चेहरा बदलला. ती मनात काही ठेवणारी बाई नाही. "तू तिची किती लाडकी होतीस, संजना. घरी काही गोड केलं की पहिला डबा तुझा. आणि एक दिवस, एक तास तुला तिच्यासाठी येता येत नाही? वर्ग बंद केलास, ठीक आहे, घाबरली असशील. पण हे बरं नाही. तो म्हातारा माणूस तुझं नाव घेणार आहे सगळ्यांसमोर, आणि तू जागेवर नसशील. कसं दिसेल ते?"

संजनाने माझ्याकडे पाहिलं नाही. कपाकडे पाहत म्हणाली, "अंकल नाव नाही घेणार."

"का नाही घेणार? त्याने स्वतः मला वाचून दाखवलंय."

संजनाचे डोळे भरले, पण ती बोलली नाही. मीही बोलले नाही. रोझमेरी आणखी क्षणभर वाट पाहत उभी राहिली. मग मान हलवून जिना उतरायला लागली. खाली तिने बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. दोघीतिघींनी वर खिडकीकडे पाहिलं.

मग त्या सगळ्या चर्चच्या रस्त्याने गेल्या. घंटा वाजायला लागली तेव्हा संजनाने कप खाली ठेवला. चहा तसाच होता.